बुडीचा श्वास

बाबा, आज आमचं स्कॅनचं मशीन उघडून ठेवलं आहे. नागपूरहून दुरुस्तीवाला आला आहे, सकाळपासून तो मशीनच्या पोटात हात घालून बसला आहे आणि मला दुपारभर काही काम नाही. काम नसलं की माझा जीव कसा कासावीस होतो ते तुम्हाला ठाऊक आहे. आयाबाईंनी दिलेला चहा पिऊन झाला, पेपर वाचून झाला, मग म्हटलं चला, बाबांशी बोलू. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमची आठवण आली तर रडू येत नाही, हसूच येतं. हे चांगलं की वाईट मला कळत नाही, पण आहे ते असं आहे. तुम्ही म्हणाला असतात, "मंग का जलमभर रडतच बसतेस का? हास ना बाई." तर हसतच लिहिते.

तुम्ही शेवटपर्यंत माझ्या कामाला फोटो काढणंच म्हणत राहिलात. तलावाच्या पाळीवर कुणी विचारलं, भाऊ, तुमची पोट्टी चांद्याले का करते, की तुम्ही तोंडातली बिडी काढून सांगायचात, "फोटो काढते. आतले." त्या 'आतले'वर असा काही जोर द्यायचात की विचारणारा जरा मागंच सरकायचा. मासे धरणाऱ्या ढिवराची पोरगी बारावी करून नागपूरला गेली, एक्सरेचा कोर्स करून आली आणि चंद्रपूरच्या, म्हणजे तुमच्या चांद्याच्या, सेंटरमध्ये पांढरा कोट घालून उभी राहते, याचा तुम्हाला किती आनंद होता हे तुम्ही मला कधी बोलून दाखवलं नाही. गावातल्या झाडून सगळ्यांना मात्र सांगितलं होतं. मी सुट्टीत घरी आले की कुणी गुडघा घेऊन यायचं, कुणी पाठ, आणि एकदा तर शेजारच्या काकूंनी गाभण म्हशीचा फोटो निघेल का म्हणून विचारलं. तुम्ही बाजूला बसून गंभीर चेहऱ्यानं म्हणालात, "निंगन, पण म्हशीले पोटावर झोपा लागन."

मग मोठेबाबा गेले. तुमचा सख्खा मोठा भाऊ, तुमच्याच डोंग्यात बसून जाळं टाकणारा, तुमच्याच बंडलातली बिडी ओढणारा. सबंध हिवाळा ते खोकत होते आणि आपल्याकडं खोकला म्हटला की आधी टीबीच डोक्यात येतो, तसा तो सगळ्यांच्याच डोक्यात आला. औषधं सुरू झाली, खोकला थांबेना. शेवटी माझ्याकडं आणलं. त्यांचं स्कॅन मी माझ्या हातानं केलं आणि पडद्यावर डाव्या फुप्फुसात लिंबाएवढी गाठ उमटताना मीच पहिल्यांदा पाहिली. नागपूरच्या डॉक्टरांनी हात जोडले, म्हणाले फार उशीर झाला. त्यांना घेऊन परत जाताना चांदा फोर्टच्या फलाटावर तुम्ही बिडी पेटवलीत, तिच्याकडं जरा वेळ बघितलंत आणि ओढलीत. त्या दिवसापासून मला एकच भीती होती, की पुढचा नंबर तुमचा. स्पष्टच सांगते, कामावर एखाद्या म्हाताऱ्या बिडीवाल्याचा फोटो उघडला की मी आधी मनात देवाला म्हणायची, हे माझे बाबा नाहीत ना.

आमचे डॉक्टरसाहेब तुम्हाला आवडायचे. मूळचे वडशाचे, एरवी बोलायला मोकळे, फोटो वाचायला बसले की मुके. ते एकदा मुंबईच्या कुठल्याशा बैठकीहून आले आणि म्हणाले, बाहेरदेशी आता फुप्फुसाचा कॅन्सर खोकला सुरू व्हायच्या आधीच शोधून पाहताहेत. वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढणारा, पण धडधाकट दिसणारा माणूस घ्यायचा आणि त्याच्या छातीचं स्कॅन करायचं, दर वर्षी. गाठ लहान असतानाच सापडली तर काढता येते. ऐकूनच माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही उभे राहिलात. पण लगेच दुसरी गोष्टही मनात आली. आमचं मशीन जुनं, त्याचा करंट एकाच आकड्यावर बसवलेला. गोल बाजारातला गलेलठ्ठ व्यापारी असो की तुमच्यासारखा हडकुळा माणूस, पोट असो की छाती, सगळ्यांना तेवढाच मारा. आजारी माणसाचं ठीक आहे, एकदा काढायचा फोटो तर काढला. ज्याला काहीच झालेलं नाही त्याला दर वर्षी तेवढे किरण द्यायचे म्हणजे रोग शोधता शोधता आपणच तो पेरायचा. आणि छातीत असतं काय, बाबा? हवाच जास्त. किरण आरपार जायला तिथं एवढा जोर लागतच नाही.

मी डॉक्टरांना म्हटलं, छातीसाठी करंट कमी करू. ते म्हणाले, "मॅडम, करंट कमी केला की फोटो रवाळ येतो. त्या रव्यात एखादी दाण्याएवढी गाठ सुटली तर जबाबदार कोण? मी." त्यांचं खोटं नव्हतं. पण मी तुमची मुलगी, एकदा धरलं की सोडणार थोडीच. पुढच्या सुट्टीत घरी आले आणि तुमचा जुना तुंबा मागितला, तो वाळलेल्या भोपळ्याचा, जो लहानपणी पाठीला बांधून तुम्ही मला पोहायला शिकवलंत. तुम्ही विचारलंत, "कायले पायजे?" मी म्हटलं, याचा फोटो काढायचा आहे. तुम्ही आईकडं बघून म्हणालात, "इतकी शिकली अन् आता भोपऱ्याचे फोटो काढून राह्यली." पण तुंबा दिलात, वर पुसूनही दिलात.

मी त्याला तोंड पाडलं, आत मुरमुरे भरले आणि मुरमुऱ्यांत वाटाणे, तुरीची डाळ, जवस असं लहान-मोठं पेरलं. मुरमुऱ्यांतही हवाच जास्त, म्हणून मशीनला ते फुप्फुसासारखंच दिसणार असा माझा अंदाज. डॉक्टरांनी टेबलावरचा तुंबा बघितला आणि खुर्ची ओढून बसले. मग आम्ही दोघांनी अख्खी दुपार करंट एकेक पायरी खाली आणत तुंब्याचे फोटो काढले. खूप खाली गेल्यावर जवस रव्यात हरवले, पण पाव करंटला तुरीची डाळ अजून नीट मोजता येत होती. डॉक्टर पडद्याला नाक लावून डाळ मोजत होते आणि मध्येच लहान पोरासारखे म्हणत होते, "ही बघा, ही पण दिसली." मला तेव्हा इतका आनंद झाला होता की काय सांगू. संध्याकाळी त्याच मुरमुऱ्यांना कांदा, तिखट, तेल लावून आम्ही खाल्लं. किरण मुरमुऱ्यांत मुक्कामाला राहत नाहीत, हे आयाबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. त्या दूर उभं राहून आमच्याकडं बघत होत्या.

छातीची तपासणी पाव करंटवर करायची असं ठरलं आणि मी पहिलं नाव तुमचं सांगितलं. तुम्ही ऐकायला तयार नव्हता. "मले का होऊन राह्यलं? काही होत नाई तं कायले दाखवू?" मी म्हटलं, काही होत नाही तेव्हाच दाखवायचं, हीच तर गंमत आहे. तुम्ही म्हणालात, असली गंमत तुमच्या चांद्याची, आमच्या गावात अशी करत नाईत. शेवटी आईनं जेवायला वाढताना मोठेबाबांचं नाव काढलं. मग तुम्ही खाली बघून जेवलात आणि हात धुताना म्हणालात, "कोन्त्या दिवशी यावं लागते?" आईनं मात्र आमच्या बोलण्यातून करंट हा एकच शब्द उचलला होता. कमी असला तरी करंट तो करंटच, म्हणून तिनं तुम्हाला नव्या रबरी चपला घेऊन दिल्या आणि मशीनमध्ये जाताना पायातून काढायच्या नाहीत अशी ताकीद दिली.

मला अजून तो दिवस दिसतो. तुम्ही टेबलावर उताणे झोपला आहात, हात डोक्यावर, आणि काचेतून मला फक्त तुमच्या निळ्या रबरी चपला दिसताहेत. त्या काढा म्हटलं तर तुम्ही म्हणता, "तुह्या मायले मी सांगू का तू सांगतेस?" चपला पायातच राहतात. मग माइकवर सांगते, बाबा, मोठा श्वास घ्या आणि धरा. आमचं ते मशीन हळू, छातीभर फिरायला बराच वेळ घ्यायचं. चांगले तरणेताठे लोक मध्येच श्वास सोडून देत आणि फोटो हलत. तुम्ही मात्र दगडासारखे पडून राहिलात. स्कॅन संपलं, मी म्हटलं सोडा, तरी तुमची छाती हलेना. मी घाबरून आत पळाले, तर तुम्ही डोळे उघडून म्हणता, "झालं का? मी तं आता कुठी दम धरला होता." मला वाटलं, माझे बाबा म्हणजे जगातले सगळ्यात चांगले पेशंट.

फोटो मात्र वाईट निघाला. दोन्ही फुप्फुसांच्या मागच्या भागात धुकं पसरलेलं, सगळं करडं आणि गिचमिड, आणि उजवीकडं वर, त्या गिचमिडीत, बोराएवढं काहीतरी, कडा फाटल्यासारख्या. डॉक्टरांनी फोटो मागं-पुढं सरकवून बघितला. मग म्हणाले, "भोपळा वेगळा आणि माणूस वेगळा, मॅडम. कमी करंटचा हा असा फोटो मी वाचू शकत नाही. पुढच्या आठवड्यात पूर्ण करंटवर परत काढू. आणि हे खरंच इतकं मोठं असेल तर नागपूरला सुई टाकून तुकडा घ्यावा लागेल, तयारी ठेवा." पाव करंटचं माझं सगळं काम त्या एका फोटोत वाहून गेलं होतं, पण त्याचं मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. मला फक्त ते बोर दिसत होतं. तुम्ही बाहेर बाकावर आयाबाईंना मरळ मासळी कशी कापायची ते सांगत होता.

मी तुम्हाला सांगितलं, फोटो हलला, परत काढावा लागेल. आणि तुमच्याबरोबरच दोन दिवसांची रजा घेऊन घरी आले. आई वांग्यात सुके झिंगे टाकत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि हळूच विचारलं, "मोठ्या भाऊजीसारखं हाय का?" मी म्हटलं, माहीत नाही, आई. ती म्हणाली, "माहीत नाई म्हणजे नाई बी असू शकते." आणि झिंगे परतायला लागली. तुम्ही त्या दिवशी दोनदा भाजी मागून घेतलीत. माझं ताट तसंच राहिलं, तर तुम्ही आईला म्हणता, चांद्याच्या पाण्यानं पोट्टीची भूक मेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्याबरोबर डोंग्यात बसले. कितीतरी वर्षांनी बसले होते. दिवाळी होऊन गेलेली, पाळीपलीकडं धान पिवळं पडलेलं, पाणी गार. तुम्ही जाळं ओढायला लागलात आणि ते तळाशी कुठल्यातरी खोडाला अडकलं. तुम्ही सदरा काढलात, बिडी विझवून कानावर ठेवलीत, मग तिथून काढून माझ्या हातात दिलीत, आणि डोंग्याच्या काठावरून पाण्यात उतरलात. मी बघत होते. तुम्ही एक मोठा श्वास घेतलात, मग तोंडानं फूऽऽ करून सगळा सोडून दिलात, आणि काहीही आवाज न करता खाली गेलात. वर एक बुडबुडासुद्धा आला नाही. मी बसल्या जागी ताठ झाले. तुम्ही जाळं सोडवून वर आलात, डोंग्याला धरून दम खात होता, तेवढ्यात मी विचारलं, "बाबा, श्वास सोडून काऊन गेले?"

"मंग का भरून जाऊ? भरलेला मानूस खाली राह्यते का? वरतेच या लागते त्याले. झाकन लावलेला डब्बा बुडते का?"

"अन् मशीनमध्ये?"

"मशीनमध्ये का?"

"मी म्हटलं होतं, मोठा श्वास घ्या अन् धरा."

"घेतला ना मोठा. मंग सोडला. मंग धरला," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडं असं बघितलंत की जणू मी रोज भात खाऊन भात कसा खातात ते विचारते आहे. "धराची रीतच ते हाय. हे तुले माहीत नाई? ढिवराची पोट्टी ना तू?"

बाबा, मी तेव्हा इतकी हसले की डोंगा हलायला लागला आणि तुम्ही ओरडलात, "बस खाली, जाळं पडन." हसता हसता मी रडतही होते, ते तुम्हाला पाण्यातून दिसलं नसावं. श्वास सोडून धरला की फुप्फुस आवळतं, उताण्या माणसाचा मागचा भाग मिटतो आणि फोटोत तिथं धुकं दिसतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. आत असलेली बारीक वस्तूही आजूबाजूच्या आवळण्यानं मोठी, फाटकी दिसू शकते. गोल बाजारातला व्यापारी असं कधीच करणार नाही, त्याला धर म्हटलं की तो गाल फुगवून धरतो. जन्मभर तळाशी जाणाऱ्या माणसालाच हे सुचणार. धुक्याचं उत्तर मिळालं होतं. बोराचं मिळालं नव्हतं, आणि ते तसंच खरं निघालं तर काय, हेच मी परतीच्या सबंध वाटेवर घोकत होते.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी पहिला फोटो पुन्हा उघडला. मग त्यांना हसू फुटलं. "मी रव्याला शिव्या देत होतो. रवा नव्हताच तो." मी म्हटलं, पूर्ण करंटच्या आधी एकदा पाव करंटवर बघू द्या, यांचे पुढं कितीदा फोटो काढावे लागतील कुणाला माहीत. ते म्हणाले, "पाव नाही. पावाच्या एक पायरी वर. रवा थोडा होता, ते मी खोटं बोललो नव्हतो." मी फोटो पुन्हा बघितला आणि त्यांचं बरोबर होतं, खांद्याजवळ फार रवाळ होता. एक पायरी वर ठरलं. त्यावरही कळलं नाही तर मात्र पूर्ण करंट आणि मग नागपूर.

भरून धरायचं तुम्हाला काही केल्या जमेना. नागभीडहून चांदा फोर्टच्या गाडीत तुम्ही वाटभर सराव करत आलात. गाल फुगवून, डोळे वटारून असे बसायचात की समोरच्या बाईंनी घाबरून तुमच्या नाकाला कांदा लावला, असं आईनं मला आल्या आल्या सांगितलं. तुम्ही म्हणालात, "कांदा नाई लावला असता तं अजून धरला असता." पण तुमचा आवाज रोजचा नव्हता. टेबलावर झोपताना तुम्ही मला हळूच विचारलंत, "बाई, फोटो हलला नव्हता ना? दुसरंच काही हाय ना?" तुम्हाला कधीच फसवता आलं नाही मला. मी म्हटलं, "हाय काहीतरी बाबा. का हाय ते आज समजते." तुम्ही मान हलवलीत आणि हात डोक्यावर घेतलेत.

मी माइकवर म्हटलं, मोठा श्वास घ्या. घ्या, घ्या, अजून घ्या. आता सोडू नका, भरूनच ठेवा. आज बुडी मारायची नाई बाबा, तरंगायचं. काचेतून मला तुमची छाती वर आलेली दिसते, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. ती वरच राहते. थोडी थरथरते, पण वरच राहते. डॉक्टर माझ्यामागं उभे आहेत. आणि पडद्यावर एकेक चकती उतरायला लागते, काळी, मोकळी, स्वच्छ. मागचं धुकं नाहीच. खालपासून वरपर्यंत हवाच हवा. उजवीकडं वर पोचल्यावर मी डोळे मिटून घेतले, हे कबूल करते. डॉक्टर म्हणाले, "उघडा मॅडम, बघा तर." बोर नव्हतं. तुरीच्या डाळीएवढा एक ठिपका होता, कडा गुळगुळीत, आणि त्याच्या एका बाजूला खडूसारखा पांढरा कण. "यांना तरुणपणी टीबी झाला होता?" त्यांनी विचारलं. झाला होता. माझ्या जन्माआधी तुम्ही महिनोन्‌महिने सुया टोचून घेतल्या होत्या. "मग त्याचीच खूण वाटते. पण मी वाटण्यावर सोडणार नाही. तीन महिन्यांनी बघू, मग सहा, मग वर्षानं. वाढला नाही तर तो काहीच नाही."

नागपूरची सुई टळली. मी आत आले तर तुम्ही अजून श्वास भरून पडलेले, चेहरा लाल, मी सोडा म्हणायला विसरले होते. तुम्ही भस्सकन सोडलात आणि म्हणालात, "हे तरंगनं लय कठीन काम हाय बाई." मी कोटाच्या बाहीनं डोळे पुसत राहिले आणि तुम्ही आईला हाक मारून सांगितलंत, पोट्टी रडून राह्यली म्हणजे फोटो चांगला निंगला.

पुढची ती दोन वर्षं माझ्या आयुष्यातली फार चांगली वर्षं. तुम्ही दर तपासणीला यायचात, पळसाच्या पानात बांधलेले झिंगे डॉक्टरांसाठी, आणि माझ्याकडं दोन दिवस मुक्काम. बाहेरच्या बाकावर बसून बाकीच्या म्हाताऱ्यांना शिकवायचात, "भरूनच धरा भाऊ. सोडून धराचा तो तलावातला, हा चांद्यातला." डॉक्टर म्हणायचे, तुमच्या बाबांना पगारावर ठेवू. माझ्या माइकवरच्या वाक्यात तेव्हापासून जी भर पडली ती आजही आहे, भरा आणि भरूनच ठेवा, आणि प्रत्येकाचा करंट त्याच्या अंगाच्या मानानं लावायचा हेही तेव्हापासूनच. बिडीचं म्हणाल तर मी सांगून सुटली नाही, डॉक्टरांनी सांगून सुटली नाही. तिसऱ्या खेपेला भरलेला श्वास तुम्हाला शेवटपर्यंत धरता आला नाही आणि तुमच्या शेजारी बाकावर बसलेल्या टेलरमास्तरांना आला, तो अपमान तुम्हाला सोसला नाही. घरी गेल्यावर बंडल चुलीत टाकलंत, असं आई म्हणाली. ठिपका होता तेवढाच राहिला. शेवटी डॉक्टर म्हणाले, "झालं. बिडी सुटली, वयही झालं, आता यांचे फोटो बंद. जुना डाग आहे, राहू द्या त्याला." मी त्यांच्यासमोर नाचायचीच राहिले.

तुम्हाला मात्र मी अर्धंच सांगितलं. ठिपका वाढला नाही, काळजी नाही, हे सांगितलं. फोटो बंद, हे सांगितलं नाही. फोटो बंद म्हणजे तुमचं येणं बंद, ते मला नको होतं. पुढच्या हिवाळ्यात मी फोन केला, तुम्ही पाळीवर उभे राहून घेतलात, कारण गावात तेवढ्याच ठिकाणी मोबाईलला रेंजची काडी यायची. मी म्हटलं, तपासणी आहे बाबा, या. तुम्ही आलात. दुपारी सेंटर रिकामं होतं तेव्हा मी तुम्हाला टेबलावर झोपवलं, टेबल आत नेलं, माइकवर म्हटलं भरा, भरूनच ठेवा. तुम्ही छान धरलात. मी करंट लावलाच नाही. नुसती काचेतून तुमच्याकडं बघत उभी राहिले, मग म्हटलं सोडा. तुम्ही विचारलंत, "वाढलं का?" मी म्हटलं, नाही. मग आपण तिघं किल्ल्याच्या परकोटावरून फिरून आलो, तुम्ही भजी खाल्लीत आणि रात्री माझ्या घरी इतके घोरलात की आईनं तुम्हाला दोनदा कुशीवर वळवलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. दुपारी जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. छातीनं तुम्हाला कधीच त्रास दिला नाही, याचं मला आजही समाधान आहे. तेराव्यानंतर एकदा मी आईला ते बंद मशीनचं सांगितलं, मला वाटलं तेवढंच तिला हसू येईल. ती म्हणाली, "त्याईले माहीत होतं ना बाई. गाडीतच बोलले मले. मशीन घरघरलीच नाई म्हने, पोट्टीनं बंद मशीनीत झोपवलं. मी म्हटलं, मंग तिले बोलले काऊन नाई? तं म्हने, बोललो तं पुढच्या साली बोलावन का ते?"

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून इतकं सगळं लिहिता आलं. आता एवढंच राहिलं. बोलावलं असतं, बाबा. तुम्ही बोलला असतात, तरी बोलावलं असतं.